नाव काय लावायचं?

राजारामपुरीतल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आठवी गल्ली, तेरावी गल्ली. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. अशाच एका गल्लीतल्या जुन्या बंगल्यात सध्या नावावरून वाद पेटलाय. बंगला ट्रस्टमध्ये घालायचं ठरलंय, विश्वस्त ठरलेत, कुणाला काय मिळायचं तेही ठरलंय. ट्रस्टला नाव काय लावायचं, तेवढं ठरत नाही. एका बाजूला मामा, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, वकील. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून तिच्या मुंबईच्या फेऱ्या वाचल्यात. दोघांना नावं देत नाही, कारण ते मला एकाच घरात भेटलेले नाहीत. मेन रोडच्या अल्याड-पल्याड असे मामा आणि अशा भाच्या पुष्कळ आहेत. त्यांचं बोलणं मी इथं एका बैठकीत बसवलंय.

घरची स्थिती अशी. बंगला मामांच्या वडिलांनी, आबांनी बांधलेला. मामांचा धाकटा मुलगा पस्तिशीचा, त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता. थोरली मुलगी, भाचीची ताई, इचलकरंजीत दिलेली. बंगला, खालच्या दोन गाळ्यांचं भाडं आणि बँकेतल्या ठेवी यांतून धाकट्याचं आयुष्यभर भागावं, एवढाच हेतू. मृत्युपत्र का नाही? ते माणूस गेल्यावरच बोलायला लागतं. उद्या मामांना अर्धांगवायू झाला आणि ते दोन वर्षं अंथरुणात राहिले, तर भाड्याच्या पावतीवर सही कुणी करायची? म्हणून हयातीतच ट्रस्ट. आज विश्वस्त मामा; ते गेले किंवा अंथरुणाला खिळले की मुलगी.

मामा : आबांचं नाव लावायचं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? जागा त्यांनी घेतली, बंगला त्यांनी बांधला. कै. अमुक तमुक फॅमिली ट्रस्ट. झालं.

भाची : आबांचं नाव आणि आडनाव दोन्ही थोरल्या मामांच्या नातवाला आहे. तो आता पुण्यात नोकरीला लागलाय. उद्या घरफाळ्याच्या पावतीवर तेच नाव आलं, तर ते आबा की हा? आजोबा-पणजोबांचं नाव पोराला ठेवायची आपल्याकडं रीत. त्यामुळं मेलेल्या माणसाचं नाव म्हणून लावायला जावं, तर ते जिवंत माणसाचं निघतं. आणि तोही दुसऱ्या वाटणीतल्या.

मामा : म्हणून तर पुढं 'कै.' लावायचं.

भाची : 'कै.' कागदावरून पहिल्यांदा गळतं. एका टेबलावर लिहितात, दुसऱ्यावर सोडून देतात. आणि मामा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत की. राजाराम कॉलेज आणि राजारामपुरी एकाच राजाराम महाराजांच्या नावाची, असं समजणारी माणसं मला आजही भेटतात.

इथं मामांची कळी खुलली. शिक्षकाला त्याचाच धडा परत ऐकवला की तो वाद विसरतो.

मामा : कॉलेज 1880 चं. ज्यांच्या नावानं ही पुरी वसली ते राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, जन्मले 1897 साली. तेव्हा कॉलेज त्यांचं असूच शकत नाही. ते नाव त्यांच्या आधीच्या राजाराम महाराजांचं. ते विलायतेहून परतताना 1870 मध्ये इटलीत फ्लोरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथं त्यांचं स्मारकही आहे.

भाची : बघा. छत्रपतींच्या घराण्यात, जिथं प्रत्येकाची सनावळी छापलेली आहे, तिथं ही गत. टाटांचं घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटा गेले, तेव्हा सर रतन टाटा ट्रस्ट त्यांच्याच नावाचा आहे असं कितीतरी जण धरून चालले होते. तो ट्रस्ट 1919 चा. ते सर रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, 1918 मध्ये वारलेले. टाटांच्या मागं वकिलांची फौज आहे, त्यांचं चालून जातं. आपल्या ताईच्या मागं कोण आहे?

मामांनी हा मुद्दा मान्य केला नाही, पण आबांचं नाव पुन्हा काढलंही नाही. मात्र पुढं ते जे बोलले, त्याला माझ्या मते भाचीजवळ पुरतं उत्तर नव्हतं.

मामा : तू नावाकडं फायलीवरच्या चिठ्ठीसारखं बघतीस. या मातीत तसं नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. गादी घेतली ती नावासकट. आपले वि. स. खांडेकर जन्मले ते गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले. बापाचं नावसुद्धा बदललं! इथं मिळकत आणि नाव जोडीनं चालतात. ज्याचं नाव लावलं, त्याची जबाबदारी अंगावर येते.

भाची : दत्तकात मिळकत माणसाच्या नावावर होते, म्हणून तिथं नावाला वजन. ट्रस्टचं उलटं. आपल्याकडच्या कायद्यात ट्रस्ट म्हणजे कंपनीसारखी वेगळी व्यक्ती नव्हे. देवाची मूर्ती कायद्यानं व्यक्ती ठरते, फॅमिली ट्रस्ट ठरत नाही. मिळकत विश्वस्तांच्या हाती असते. दावा लावायचा तर विश्वस्तांच्या नावानं, दस्त करायचा तर 'अमुक ट्रस्ट तर्फे विश्वस्त तमुक' असं लिहून. प्रॉपर्टी कार्डावरसुद्धा विश्वस्त म्हणून माणसांची नावं यायला हवीत. 1882 चा न्यास कायदा काय मागतो? ट्रस्ट करायचा इरादा, उद्देश, लाभार्थी आणि मिळकत स्पष्ट पाहिजे, आणि ट्रस्ट करणारा स्वतःच विश्वस्त नसेल तर ती मिळकत विश्वस्तांच्या हवाली झाली पाहिजे. नाव मागतच नाही. बिननावाचा ट्रस्टसुद्धा ट्रस्टच.

मामा : मग महिनाभर तू माझं डोकं का खातीस?

भाची : कायद्याला नको असलं तरी टेबलाला लागतं. ट्रस्टच्या पॅनमध्ये चौथं अक्षर टी असतं आणि पाचवं ट्रस्टच्या नावाचं पहिलं अक्षर. ट्रस्ट डीडवर 'श्री', पॅनवर नुसतंच नाव, बँकेत 'श्री'चं इंग्रजी स्पेलिंग शेवटी आय, महावितरणच्या बिलावर शेवटी डबल ई. एवढ्यावर ठेव मोडता येत नाही. नाव लांबलचक असलं तर संगणकाच्या चौकटीत मावत नाही, मधेच तुटतं, आणि तुटलेलं नाव तिथून पुढं खरं नाव होऊन बसतं. म्हणून पुढं 'श्री' नको, 'कै.' नको, टिंबं नकोत. इंग्रजीत एकाच पद्धतीनं लिहिलं जाईल असंच नाव पाहिजे.

मामा : देवीचं लावलं तर? अंबाबाईचं नाव कोल्हापुरात कुणी चुकीचं लिहीत नाही.

भाची : अंबाबाईचं नाव आणि पुढं ट्रस्ट म्हटलं की माणूस पावतीपुस्तक शोधणार. देवस्थान समितीचा काही संबंध आहे का विचारणार, धर्मादाय कार्यालयाची नोंदणी मागणार. सार्वजनिक ट्रस्टला 1950 चा महाराष्ट्राचा कायदा लागतो, तिथं धर्मादाय आयुक्त आले. आपला खासगी, त्याचा आयुक्तांशी संबंध नाही. हे प्रत्येक खिडकीवर समजावत बसायचं असेल तर देवीचं नाव लावा. 'सेवा', 'प्रतिष्ठान', 'फाउंडेशन' यांचंही तेच. आणि 'मातृछाया' तर मुळीच नको, गोव्यात फोंड्याला त्या नावाची अनाथ मुलांची संस्था आहे.

'मातृछाया' हे मामांच्या बंगल्याचं नाव आहे, हे तिला अर्थातच माहीत होतं.

मग आडनाव आलं. अशा बहुतेक घरांत शेवटी आडनावच जिंकतं. आडनाव आणि पुढं 'फॅमिली ट्रस्ट', की वकील खूश, बँक खूश. मामांनीही तेच सुचवलं. भाची थोडा वेळ गप्प बसली.

भाची : मामा, माझ्या आईचं आडनाव काय होतं?

मामा : हे काय विचारणं झालं?

भाची : आबा गेल्यावर याच बंगल्याच्या हक्कसोडपत्रावर तिनं सही केली. माहेरचं आडनाव कंसात लिहून. तिची तक्रार नाही, माझीही नाही. तेव्हा सगळ्याच बहिणी करायच्या. पण महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये कायदा बदलून मुलगी वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीला आली. तरी हक्कसोड चालूच आहे, कारण घराला आडनाव आहे आणि ते आडनाव मुलीला नाही. आता तुम्ही ट्रस्ट करताय तो ताईच्या भरवशावर. तुमच्यानंतर बँकेत जाऊन सही ती करणार, तिच्या सासरच्या आडनावानं. तिच्यानंतर तिची मुलं. ट्रस्टवर तुमचं आडनाव, आणि चालवणाऱ्यांत त्या आडनावाचं एकही माणूस नाही. थोरल्या मामांकडचं कुणीतरी उठून म्हणेल, हा आमच्या घराण्याचा ट्रस्ट, ही कोण बाहेरची?

मामा : म्हणायला काय, कोणीही काहीही म्हणेल. डीडमध्ये तिचंच नाव आहे की.

भाची : कोर्टात डीड बघतात. कोर्टात जायच्या आधी दहा वर्षं लोक नावाकडं बघून भांडतात.

आडनावाच्या ट्रस्टचा हा तोटा मी कुठल्याही छापील नमुन्यात वाचलेला नाही. आपल्याकडं फिरणारे बरेचसे नमुने अमेरिकेतल्या 'लिव्हिंग ट्रस्ट'वरून उचललेले. तिकडं ट्रस्ट करणाऱ्याचं नाव, त्यापुढं 'रिव्होकेबल', त्यापुढं डीडची तारीख असं लिहायची पद्धत आहे. तारखेचा भाग घेण्यासारखा, कारण आपल्याकडं खासगी ट्रस्टच्या नावांची कुठं यादी नाही. कंपनीचं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं, इथं एका नावाचे दहा ट्रस्ट निघाले तरी कुणी अडवत नाही. तारीखच त्यांना वेगळं करते. 'रिव्होकेबल' मात्र नावात घालू नये. ट्रस्ट मोडायचा अधिकार मामांपाशी, तो मामांबरोबर संपणार; नावातला शब्द तेव्हा खोटा पडणार. कर कसा लागायचा, तेही नावावर नाही, डीडमध्ये काय लिहिलंय त्यावर ठरतं.

आबा गेले, देवी गेली, आडनाव गेलं. आणि मामांनी मनातलं नाव बाहेर काढलं. ते धाकट्याचं होतं.

मामा : ज्याच्यासाठी सगळं चाललंय, त्याचंच नाव लावू. गावाला कळू दे, हे त्याचं आहे. उद्या कुणी हात घालायला आला, तर पाटी वाचून मागं फिरेल.

भाची : किंवा पाटी वाचूनच पुढं येईल. राजारामपुरीत जुन्या बंगल्यावर बिल्डरची नजर नाही असा दिवस नाही. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर मिळकतीचा नंबर टाकला की सूची दोन बघता येते, त्यात पक्षकारांची नावं असतात. ज्याला स्वतःचा व्यवहार कळत नाही अशा माणसाच्या नावानं मिळकत आहे, हे आपणच का सांगायचं? अमेरिकेत लॉटरी लागलेले लोक ट्रस्टला मुद्दाम अर्थ न लागणारं नाव देतात, ते याचसाठी.

मामा : थांब. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट नोंदवावाच लागतो, हे तूच सांगितलंस.

भाची : हो. न्यास कायद्याचं कलम पाच. मृत्युपत्रानं केला नसेल तर नोंदणी लागतेच.

मामा : आणि नोंदलेल्या दस्ताची नक्कल?

भाची : कुणीही मागू शकतो.

मामा : मग? नावात लपवलंस, आत पानभर लिहिलेलंच आहे. मुलाचं नाव, वय, त्याला काय आहे ते सगळं.

हा डाव मामांचा. भाचीनं तो सोडून दिला, पण डीडचा मसुदा मात्र पुढं ओढला आणि मुलाच्या अक्षमतेचं वर्णन असलेला परिच्छेद खोडला. औषधं, सवयी, कशाला घाबरतो, कोण जवळ असलं की शांत होतो, हे सगळं विश्वस्तांसाठी वेगळ्या पत्रात लिहायचं ठरलं. ते नोंदवायची गरज नाही. मुलाचा कायदेशीर पालक कोण, हा प्रश्न वेगळाच. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जावं लागतं. (त्या सरकारी संस्थेचं नावही 'नॅशनल ट्रस्ट'. त्यामुळं हे काम चाललेल्या घरात 'ट्रस्टचं काय झालं?' असं विचारलं की कुठल्या, असा उलट प्रश्न येतो.)

भाची : माझं ऐकाल तर गल्लीसारखं करा. नंबर द्या. सिटी सर्व्हे नंबर, पुढं ट्रस्ट, पुढं साल. या पुरीचं गल्ल्यांच्या नावांवाचून काही अडलंय का?

मामा : गल्लीला नाव नाही, पण पुरीला आहे की! आणि नंबरासाठी कुणी रडत नाही. सर्व्हे नंबर विकताना ताईच्या पोराचा हात थरथरणार नाही. नाव असलं तर थरथरेल.

भाची : थरथरू नये म्हणूनच तर म्हणते. धाकट्याच्या दवाखान्यासाठी बंगला विकायची वेळ आली, तर विकता आला पाहिजे. तुम्ही बंगला वाचवताय की मुलगा? आणि खासगी ट्रस्ट काही कायमचा नसतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम चौदा आहे. आज हयात असलेली माणसं, आणि त्यांच्या हयातीत जन्मलेलं एखादं मूल सज्ञान होईपर्यंत, याच्या पलीकडं मिळकत अडकवून ठेवता येत नाही. धाकटा आहे तोवर हे चालणार, मग ताईच्या मुलांत वाटून संपणार. पाटी ग्रॅनाइटवर कोरायची गरज नाही.

मला विचाराल तर कागदापुरती भाची बरोबर आहे आणि मामांचं म्हणणंही नुसतं हळवेपण नाही. ट्रस्टमध्ये विश्वस्तावर रोज नजर ठेवणारं कुणी नसतं. लाभार्थी स्वतः हिशेब विचारू शकत नाही, अशा ठिकाणी तर नाहीच. तिथं विश्वस्ताला लाज वाटावी अशी एक जागा कागदावर असावी, आणि ती जागा नावाशिवाय दुसरी कुठली असणार? फक्त ते नाव मेलेल्याचं असलंच पाहिजे असं नाही.

इतका वेळ मामी भाजी निवडत होत्या.

मामी : तुमचं दोघांचं झालं असेल तर सांगते. बँकेतला माणूस धाकट्याला विचारणार, पैसे कुठून येतात रे तुला? तेव्हा त्याला बोलता येईल असं नाव ठेवा. जोडाक्षर त्याला येत नाही.

जोडाक्षर नको म्हटल्यावर मामांच्या यादीतली बहुतेक नावं एका फटक्यात गेली. भाचीला हरकत घेण्यासारखं काही दिसेना. 'ट्रस्ट' हाच शब्द मुळात त्याला बोलता येणार नाही, हे मामांनी हळूच सुचवून पाहिलं. तेवढं मामींनी चालवून घेतलं. परसात आबांच्या वेळचं फणसाचं झाड आहे. धाकटा लहानपणापासून घराला 'फणस' म्हणतो, रिक्षावाल्यालाही तेच सांगतो. 'फणस फॅमिली ट्रस्ट', पुढं डीडची तारीख. फणस हे आडनावही असतं, अशी शंका भाचीनं काढली आणि स्वतःच सोडून दिली.

नाव लागलं, पण वाद मिटला नाही. तो आता पुढच्या कलमावर गेलाय. भाचीनं लिहिलंय : विश्वस्तांना गरज वाटल्यास पुरवणी दस्त करून ट्रस्टचं नाव बदलता येईल. पॅन आणि बँकेची भानगड कधी उपटेल सांगता येत नाही, अशी वाट राखून ठेवावीच लागते, असं तिचं म्हणणं. मामांना त्यात एक ओळ वाढवून हवी आहे : धाकटा हयात असेपर्यंत नाही. भाची म्हणते, अशा ओळीनं तुम्ही ताईचे हात बांधताय. मामा म्हणतात, बांधायचेच आहेत. ताईला इचलकरंजीला फोन लावून विचारलं, तर ती म्हणाली, नावाचं काहीही करा, पण सही करायला मला एकटीला ठेवू नका, दुसरा विश्वस्त घाला. म्हणजे आता तो कोण, इथपासून पुन्हा सुरुवात. दोन विश्वस्त झाले की डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर प्रत्येक गोष्टीला दोघांनी मिळून सही करावी लागते, हे भाचीनं तिला तेव्हाच सांगून टाकलं.

मुद्रांक मात्र आणून ठेवलाय. सख्ख्या मुलाला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांकावर भागतं. ट्रस्टला ती सवलत मिळेलच असं धरून चालता येत नाही, म्हणून मामांनी चांगली रक्कम मोजली आहे. घेतलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. त्यातला एक महिना गेला.